‘वॉरहॉर्स’ला घोडा म्हणायचं का?

“सप्रेम नमस्कार. मी एका जिल्हा दैनिकात उपसंपादक आहे. वृत्तसंस्थेच्या इंग्रजी बातम्या मराठीत करणं हे माझं रोजचं काम. मध्यंतरी एका ज्येष्ठ नेत्यांच्या बातमीत त्यांच्यासाठी ‘पार्टी वॉरहॉर्स’ असा शब्द आला होता. रात्रीची वेळ, पान सोडायची घाई. मी ‘पक्षाचा म्हातारा युद्धघोडा’ असं लिहून मोकळी झाले. सकाळी कार्यकर्ते कार्यालयात हजर. ‘आमच्या साहेबांना घोडा म्हणता?’ संपादकांनी चहा पाजून वेळ मारून नेली, पण आता खुलासा छापा म्हणून रोज फोन येतोय. शब्दकोशात तर तोच अर्थ दिलाय, मग माझं चुकलं कुठं? दुसरी अडचण घरची. मध्ययुगीन इंग्लंडवरची एक कादंबरी मी हौसेनं मराठीत आणतेय. तिच्यात डेस्ट्रिअर, कोर्सर, पॅल्फ्री, चार्जर, स्टीड असे घोडेच घोडे आहेत. सगळीकडे ‘घोडा’ लिहिलं तर चालेल का, की ‘युद्धाश्व’ म्हणू? आणि वॉरहॉर्स हा एक शब्द की दोन?”
– एक उपसंपादक, मराठवाडा

ताई,

शब्दकोशानं तुम्हाला फसवलेलं नाही. ‘वॉरहॉर्स’ उघडलं की पहिला अर्थ लढाईचा घोडा हाच मिळतो. दुसरा अर्थ त्याच्या खाली असतो: अनेक लढाया अंगावर घेतलेला आणि अजूनही मैदान न सोडलेला सैनिक, पुढारी किंवा कलावंत. पान सोडायच्या घाईत दुसऱ्या अर्थापर्यंत कोण जातंय! पण एक गोष्ट कोशाच्या माथी मारता येणार नाही. तुम्ही दिलेल्या इंग्रजीत नुसतं ‘पार्टी वॉरहॉर्स’ आहे. ‘म्हातारा’ तुमच्या पदरचा. कार्यकर्त्यांचा निम्मा राग त्या विशेषणावर असणार, घोडा बिचारा मधल्यामध्ये सापडला.

उरलेला निम्मा राग मात्र घोड्यावरच आहे, आणि तो रास्त आहे. मराठीत माणसाला घोडा म्हटलं की त्यात कौतुक कधीच नसतं. ‘एवढा घोडा झालास तरी अक्कल नाही’ हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. आपल्या बोलण्यातलं घोडं कुठंतरी पेंड खात असतं, वरातीमागून येत असतं, नाहीतर कुणीतरी आपलंच घोडं दामटत असतो. अगदी सुखाच्या प्रसंगीसुद्धा ते गंगेत न्हातं, म्हणजे एकदाचं काम उरकलं म्हणून आपण सुस्कारा सोडतो. त्यात पुन्हा म्हातारपण जोडलं की हिंदीतली ‘बूढी घोडी लाल लगाम’ कुणालाही आठवणारच. साहेबांच्या वयाकडे पाहता हा फारच जिव्हारी लागणारा योगायोग झाला.

इंग्रजीत याच जनावराचा मान का, ते बघा. लढाईचा घोडा तिकडे सरदाराच्या मालमत्तेतल्या सर्वांत किमती वस्तूंपैकी एक होता. शिवाय बायबलच्या जुन्या करारात, ईयोबाच्या पुस्तकाच्या 39व्या अध्यायात, लढाईच्या घोड्याचं मोठं जोरकस वर्णन आहे. रणशिंग वाजलं की तो आनंदानं फुरफुरतो, त्याला दुरूनच लढाईचा वास येतो. पिढ्यान्‌पिढ्या चर्चमध्ये वाचला गेलेला हा उतारा, त्यामुळे ही प्रतिमा इंग्रजी वाचकाच्या डोक्यात पक्की बसलेली. म्हणून एखाद्या निवृत्तीला आलेल्या पुढाऱ्याला ‘ओल्ड वॉरहॉर्स’ म्हटलं की वाचकाला दिसतं ते असं: निवडणूक जाहीर झाली आणि या गृहस्थांनी कान टवकारले. (इथं ‘तुतारी ऐकून’ असं लिहिण्याचा मोह होईल. आवरा. ते सध्या एका पक्षाचं चिन्ह आहे, आणि तुमच्याकडे आधीच एक प्रकरण मिटायचं आहे.)

मात्र हा शब्द सरसकट गौरवाचा आहे असंही समजू नका. राजकारणाच्या बातमीत त्यात आदर जास्त, वयाची जाणीव थोडी, आणि लिहिणारा खोडकर असेल तर ‘यांची आता वेळ झाली’ असा एक बारीक चिमटा. संगीत-नाटकाच्या परीक्षणात तो चिमटा मोठा होतो. पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या कार्यक्रमात बीथोव्हनची पाचवी सिंफनी ठेवली की समीक्षक तिला ‘वॉरहॉर्स’ म्हणून मोकळा होतो. अर्थ असा की रचना थोरच आहे, तिकिटंही खपतात, पण किती वेळा वाजवाल? आपल्याकडे मैफलीत गवई शेवटी हमखास टाळ्या घेणारं पद काढतो, त्याला रसिक ‘हुकमी’ म्हणतात. तोच शब्द इथं चपखल बसतो: हुकमी रचना, हुकमी नाटक. त्यातही कौतुक आणि कंटाळा दोन्ही आहेत.

आणि एक जुळं भावंड आहे, त्याच्यापासून सांभाळा. वॉरहॉर्स आणि वर्कहॉर्स. दिसायला एक-दोन अक्षरांचा फरक, पण दुसरा नांगराला आणि गाड्याला जुंपलेला घोडा आहे. इस्रोच्या पीएसएलव्हीला इंग्रजी बातम्यांत वर्षानुवर्षं ‘वर्कहॉर्स’ म्हणतात. म्हणजे गाजावाजा न करता, न थकता, भरवशानं काम करणारं यान. मराठीत ‘इस्रोचा भरवशाचा प्रक्षेपक’ एवढं पुरे. पक्षाच्या कार्यालयात तीस वर्षं सतरंज्या उचलणारा कार्यकर्ता वर्कहॉर्स. त्याच पक्षाचे सात निवडणुका लढलेले नेते वॉरहॉर्स. वृत्तसंस्थेची मंडळीही घाईत या दोघांची अदलाबदल करतात, तेव्हा बातमीचा मजकूर बघून ठरवा.

मग तुमच्या वाक्यात काय लिहायला हवं होतं? मराठीत यासाठी शब्दांची ददात नाही. मुरब्बी, कसलेले, जुनेजाणते, रणझुंजार, लढवय्ये, अनेक पावसाळे पाहिलेले. पण हे सगळे एकाच मापाचे नाहीत. ‘मुरब्बी’त डावपेच आहेत, लढाई नाही. ‘जुनेजाणते’ म्हणजे सल्ला विचारायला जावं असे. ‘पावसाळे पाहिलेले’त अनुभव आहे, पण ते छत्री घेऊन पडवीत बसलेलेही असू शकतात. ‘रणझुंजार’ थोडा पोवाड्यातला, सत्काराच्या फ्लेक्सवर शोभणारा. वॉरहॉर्सच्या सर्वांत जवळचा म्हणजे ‘जुने लढवय्ये’. त्यातलं ‘जुने’सुद्धा वयाचा आकडा बातमीत असेल तर गाळून टाकावं. आपल्या नेत्यांना ऐंशी वर्षांचं म्हटलेलं चालतं, जुनं म्हटलेलं चालत नाही.

आणि नाव न देता काम दिलं तर आणखी बरं. ‘पार्टी वॉरहॉर्स हिट्स द कॅम्पेन ट्रेल अगेन’ असं आलं तर ‘पक्षाचे लढवय्ये नेते पुन्हा प्रचाराच्या वाटेवर’ असं शब्दाला शब्द जुळवण्यापेक्षा ‘सात निवडणुका लढलेले अमुकराव पुन्हा प्रचारात’ असं लिहा. आकडा खरा असला की विशेषणाचं ओझं उतरतं, आणि कुणी भांडायलाही येत नाही.

तुम्ही म्हणाल, मग ‘घोडेबाजार’ कसा चालला? तो तर ‘हॉर्स ट्रेडिंग’चा सरळसरळ उतारा आहे. तो चालला, कारण घोड्यांचा बाजार आपल्याला परका नाही. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत, माळेगावला खंडोबाच्या यात्रेत आजही घोडे उभे राहतात. उपरण्याखाली हात घालून बोटांवर भाव ठरतो आणि बाजूच्याला पत्ता लागत नाही. आमदारांच्या बाबतीत नेमकं हेच घडतं असा लोकांचा समज असल्यामुळे शब्द पहिल्या दिवसापासून आपला वाटला. ‘डार्क हॉर्स’चं मात्र ‘काळा घोडा’ झालं नाही, लोकांनी ‘छुपा रुस्तम’ जवळ केला. मुंबईकराला ‘काळा घोडा’ म्हटलं की फोर्टातली सिग्नलची गर्दी आठवते, हेही एक कारण असेल.

आता तुमच्या कादंबरीकडे येऊ. खरं सांगायचं तर मला तुमच्या पत्रात यातच जास्त रस वाटला.

तुम्ही दिलेली यादी घोड्यांच्या जातींची नाही, हे आधी मनात पक्कं करा. अरबी, काठियावाडी, मारवाडी या जाती. डेस्ट्रिअर, कोर्सर, पॅल्फ्री ही कामाची नावं आहेत. एकाच तबेल्यातल्या, कदाचित एकाच घोडीच्या दोन शिंगरांपैकी एक मोठेपणी डेस्ट्रिअर होईल, दुसरं पॅल्फ्री. कोण कशाला उपयोगी पडतं, कसं शिकवलंय आणि किंमत किती, यावर नाव. म्हणून भाषांतर करताना ‘हा घोडा या पानावर काय करतोय’ एवढंच विचारायचं.

डेस्ट्रिअर हा सर्वांत मानाचा. खास लढाईसाठी आणि भाल्यांच्या द्वंद्वासाठी तयार केलेला, ताकदवान, बहुतेक वेळा अंडील म्हणजे खच्ची न केलेला घोडा. सरदार त्याच्यावर बसून प्रवास करत नसे. वाटचाल पॅल्फ्रीवर, आणि डेस्ट्रिअर मोकळ्या पाठीनं बाजूला चालवत न्यायचा. शत्रू समोर दिसला की मग त्याच्यावर मांड टाकायची. या चालवत नेण्यातूनच नाव आलं असं बरेचजण मानतात. लॅटिनमध्ये ‘डेक्स्ट्रा’ म्हणजे उजवा हात. शागीर्द उजव्या हातात लगाम धरून त्याला नेत असे. तो धावताना उजवा पाय पुढे टाकायला शिकवलेला असे म्हणून हे नाव, असं दुसरं स्पष्टीकरणही देतात. ते काही असो, आपल्यासाठी गंमत पुढेच आहे. लॅटिन ‘डेक्स्टर’ आणि संस्कृत ‘दक्षिण’ हे एकाच मुळाचे शब्द. पूर्वेकडे तोंड करून उभं राहिलं की उजव्या हाताला येते ती दक्षिण दिशा, आणि तिच्यावरून दख्खन. म्हणजे इंग्रज सरदाराचा डेस्ट्रिअर आणि आपला दख्खनी घोडा यांचं नाव फार मागं एकाच घरात जाऊन मिळतं. हे कादंबरीत कुठंही घालू नका. तळटीपेतही नको. पण भाषांतर करताना मनात असलं की काम हलकं होतं.

त्या काळी घोडा ही किती गंभीर बाब होती ते इंग्लंडच्या राजाच्या कागदांतून दिसतं. मोहिमेवर निघण्याआधी कारकून एकेका घोड्याची किंमत ठरवून यादी करायचे: मालक कोण, घोडा कसला, रंग कोणता, मोल किती. घोडा मोहिमेत मेला तर राजा तेवढी भरपाई देई. 14व्या शतकातल्या अशा याद्यांमध्ये डेस्ट्रिअर अगदी तुरळक सापडतो. लढायला जास्त करून कोर्सर आणि त्याहून साधे घोडेच असत. तेव्हा तुमच्या कादंबरीत प्रत्येक शिपाई डेस्ट्रिअरवर बसलेला असेल तर लेखकानं जरा सैल हात सोडला आहे असं समजा. तुम्ही ते दुरुस्त करायचं नाही, पण मराठीत तिथं ‘घोडा’ लिहून भागवायला हरकत नाही.

चित्रांत आणि पडद्यावर दिसतो तसा हा डेस्ट्रिअर हत्तीएवढा नव्हता. इंग्लंडमधल्या पुरातत्त्वज्ञांनी सन 300 ते 1650 या काळातल्या घोड्यांची हाडं मोठ्या संख्येनं मोजली, त्याच्या बातम्या 2022 च्या सुरुवातीला जगभर आल्या. बहुतेक घोडे 14.2 हातांहून कमी उंचीचे निघाले. आज इंग्रजीत एवढ्या उंचीच्या जनावराला घोडा म्हणत नाहीत, पोनी म्हणतात. इथं भाषांतरकाराचा पाय हमखास घसरतो, म्हणून सांगून ठेवतो: घोड्याच्या मापातला ‘हँड’ म्हणजे आपला कोपरापासूनचा हात नाही. तो चार इंचांचा. आणि 14.2 मधला टिंब दशांशाचा नाही. 14 हात आणि वर 2 इंच, म्हणजे 58 इंच, साधारण 147 सेंटीमीटर. हे माप खांद्यापर्यंतचं, मानेच्या मुळाशी. डोकं धरायचं नाही. कादंबरीत ‘फिफ्टीन हँड्स’ आलं तर सरळ ‘पाच फूट उंच’ लिहून मोकळ्या व्हा. ‘पंधरा हात उंच घोडा’ छापलात तर तो दुमजली घराएवढा होईल.

पोनीसाठी ‘तट्टू’ वापरावं का? उंचीनं बरोबर आहे. भीमथडीच्या तट्टांनी सगळा हिंदुस्थान पालथा घातला, तेव्हा त्या शब्दात काही कमीपणा नव्हता. पण आज ‘भाड्याचं तट्टू’ इतकं बोकाळलंय की सरदाराला तट्टावर बसवलं की वाचक हसतो. मराठेशाहीवर लिहिताना तट्टू बिनदिक्कत लिहा, इंग्लंडच्या सरदाराला मात्र त्यातून वगळा.

कोर्सर हा पळणारा. लॅटिन ‘कुरेरे’ म्हणजे धावणं, त्यातून आलेला. हलका, चपळ, पाठलागाला आणि छाप्याला उपयोगी. ‘वेगवान घोडा’, ‘चपळ घोडा’ पुरेल. प्रसंग जोरकस असेल तर ‘भरधाव सुटणारा’. (त्याच धातूवरून कोर्सर नावाचा एक पक्षीही आहे, माळरानावर तुरुतुरु पळणारा, मराठीत त्याला धाविक म्हणतात. कोशात पक्षी आधी सापडला तर दचकू नका.) पॅल्फ्री हा चालीचा घोडा. सरदार प्रवासाला, धर्मगुरू आणि घरच्या बायका फिरायला वापरत. धक्के न बसणारी त्याची चाल आपल्या घोडेबाजारात ‘रेवाल’ म्हणून ओळखतात; चांगल्या रेवाल घोड्यावर बसून पाण्यानं भरलेला पेला हातात धरला तरी सांडत नाही अशी विक्रेत्यांची ऐट असते. तेव्हा पॅल्फ्रीला ‘रेवाल चालीचा घोडा’ म्हणा, निदान पहिल्यांदा. नंतर नुसता घोडा. राउन्सी आला तर तो सर्वसाधारण, पडेल ते काम करणारा. त्याच्यावर वेळ घालवू नका.

स्टीडचं आणखी थोडक्यात. मूळ अर्थ अंडील घोडा, पण आता तो कवितेत उरलाय किंवा थट्टेत. कुणी सायकललाही ‘माय ट्रस्टी स्टीड’ म्हणतं. गंभीर जागी ‘वारू’ चालेल, थट्टेच्या जागी ‘आमचा वारू’ तर फारच छान चालेल.

चार्जरनं मात्र भल्याभल्यांना गोत्यात आणलंय. यंत्राकडून भाषांतर करून घेतलं तर सरदार मोबाइलच्या चार्जरवर स्वार होऊन रणांगणात उतरतो, हे तुम्ही कदाचित पाहिलंही असेल. त्यात यंत्राचा फार दोष नाही. मूळ ‘चार्ज’ म्हणजे गाडीवर ओझं लादणं, भरणं. बॅटरी भरणं त्यातलंच, आणि तुटून पडणं हाही त्याच शब्दाचा पुढं वाढलेला अर्थ. चार्जर नावाचं जुन्या इंग्रजीत एक मोठं ताटही आहे. 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये हेरोदियेची मुलगी योहानाचं शिर ‘चार्जर’मध्ये मागते, मराठी बायबलमध्ये तिथं तबक आहे. तुमच्या कादंबरीत मेजवानीच्या प्रसंगी चार्जर आला तर तो खाण्याच्या भांड्यांतला आहे का, हे आधी बघा.

घोड्याच्या अर्थानं चार्जर रुळला तो 18व्या शतकात, आणि तो मुख्यतः लष्करी अधिकाऱ्याचा घोडा. म्हणजे मध्ययुगाला तो जरा उशिराचाच. त्याचं ठळक उदाहरण तुमच्या मराठवाड्यातच आहे. 23 सप्टेंबर 1803 ला भोकरदनजवळ असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी आर्थर वेलस्ली लढला, तेव्हा त्याचे दोन घोडे त्याच्या मांडीखालून गेले. एकाला गोळी लागली, दुसऱ्याला भाला. भाला लागलेला तो त्याचा आवडता अरबी चार्जर, डायोमेड. तो त्या जखमेतून वाचला. पुढे हाच वेलस्ली ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि 18 जून 1815 ला वॉटर्लूच्या लढाईत कोपनहेगन नावाच्या तांबूस घोड्यावर दिवसभर बसून होता. रात्री उतरल्यावर त्यानं शाबासकी द्यायला घोड्याच्या पुठ्ठ्यावर थाप मारली, तर घोड्यानं अशी लाथ झाडली की ड्यूक थोडक्यात बचावला. नेपोलियनला जे दिवसभरात साधलं नाही ते होता होता राहिलं. कोपनहेगन 1836 मध्ये मेला, तेव्हा त्याला स्ट्रॅटफील्ड सेच्या इस्टेटीत लष्करी इतमामानं पुरलं. तर चार्जर म्हणजे असा, नावानिशी ओळखला जाणारा, सेनापतीच्या स्वारीचा घोडा. ‘स्वारीचा घोडा’ हेच त्याचं मराठी. ‘व्हाइट चार्जर’वरून येणारा वीर म्हणजे मात्र स्वप्नातला राजकुमार, आणि तो आपल्याकडेही पांढऱ्याच घोड्यावरून येतो, तेव्हा तिथं काही करावं लागत नाही.

तुमच्या यादीत नाही पण कादंबरीत नक्की येईल असा एक शब्द: नुसता ‘हॉर्स’, एकवचनी. ‘टू थाउजंड हॉर्स अँड फाइव्ह थाउजंड फूट’ असं वाक्य दिसलं की त्यात घोडेही नाहीत आणि पायही नाहीत. दोन हजार स्वार, पाच हजार पायदळ. अनेकवचनाचा प्रत्यय नसला की ते घोडदळ. आपल्या सैन्यातली ‘पूना हॉर्स’ ही रेजिमेंट याच अर्थाची. 1817 मध्ये उभी राहिली तेव्हा खरोखर घोड्यांवर होती. 1965 च्या युद्धात लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर आणि 1971 मध्ये सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांनी याच रेजिमेंटमधून परमवीरचक्र मिळवलं, रणगाड्यांत बसून. तिला कुणी ‘पुण्याचा घोडा’ केलेलं अजून तरी माझ्या पाहण्यात नाही. तो मान तुमच्या दैनिकाला मिळू नये.

आता ‘युद्धाश्व’. व्याकरणात बसतो, कानाला मात्र आकाशवाणीच्या संस्कृत बातम्यांसारखा लागतो. एखाद्या शिलालेखाच्या भाषांतरात घाला. ‘युद्धघोडा’ तर घरचा ना घाटचा. ‘लढाईचा घोडा’ हे तीन शब्दांचं काम दोन शब्दांत करतं आणि कुणाला अडत नाही. पहिल्या प्रकरणात जिथं हे घोडे प्रथम येतात तिथं डेस्ट्रिअर हा शब्द तसाच ठेवा आणि त्याच वाक्यात त्याचं काम दाखवा: ‘शागिर्दानं डेस्ट्रिअर पुढे आणला; हा घोडा फक्त लढाईच्या दिवशी पाठ देई.’ एकदा वाचकाला कळलं की पुढं निम्म्या ठिकाणी ‘घोडा’ पुरतो. प्रत्येक वेळी विशेषण लावत बसलात तर ती खोगीरभरती.

आणि आपले शब्द उसने देताना जपून. इंग्लंडच्या स्वाराला ‘शिलेदार’ किंवा ‘बारगीर’ म्हणायचा मोह होईल. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन चाकरीला आलेला, बारगीर म्हणजे सरकारी पागेतला घोडा मिळालेला. हा हिशेब मराठी वाचकाला माहीत आहे आणि तो तिथल्या सरंजामी व्यवस्थेशी जुळत नाही. उलट इंग्रजांनीच ‘सिलादार’ म्हणून आपला शब्द उचलला आणि हिंदुस्थानी घोडदळाच्या पलटणींना लावला. पण खोगीर, रिकीब, लगाम, तोबरा, मोतद्दार, पागा हे शब्द मोकळेपणानं वापरा. घोडा कुठल्याही देशातला असो, तोबऱ्यातच खातो.

राहिला खुलासा. तो छापाच, आणि लहान छापा. शब्दाची व्युत्पत्ती, इंग्रजी कोश, ईयोबाचं पुस्तक यातलं काही त्यात नको. वाचकाला वाटेल आपण वाद घालतोय, आणि ज्यांनी मूळ बातमी वाचलीच नव्हती तेही आता वाचतील. एवढं पुरे: ‘अमुक तारखेच्या अंकात श्री. अमुक यांच्याविषयीच्या बातमीत भाषांतराच्या चुकीमुळे अनुचित शब्द प्रसिद्ध झाला. पक्षाचे अनुभवी व लढवय्ये नेते असे वाचावे. दिलगीर आहोत.’ ‘घोडा’ हा शब्द खुलाशात पुन्हा येऊ देऊ नका. आणि तुम्ही स्वतः साहेबांच्या स्वीय सहायकांना फोन करून मजकूर आधी वाचून दाखवा; संपादकांना विचारून, अर्थात. मूळ इंग्रजीत गौरवाचाच शब्द होता हे तेव्हा तोंडी सांगा. छापून पटत नाही ते फोनवर पटतं, आणि साहेबांनाही आपल्याला इंग्रजीत ‘वॉरहॉर्स’ म्हणतात हे कळलं तर पुढच्या सभेत ते स्वतःच वापरतील, असा माझा अंदाज आहे.

शेवटचा प्रश्न सोपा. आज वॉरहॉर्स एकच शब्द, जोडून. जुन्या पुस्तकांत मध्ये संयोगरेषा दिसेल, ती त्या काळची. देवनागरीतही जोडूनच लिहा. ‘वॉर हॉर्स’ असं तोडलं की ओळीच्या शेवटी वॉर वर राहतं, हॉर्स खाली येतो, आणि मुद्रितशोधक त्याचा पुन्हा घोडा करतो.